गुडघाभर चिखल, दोन बादल्या पाणी: मुलांची कोकण सहल कशी आखावी

डिसेंबर उजाडला की मालवणच्या धक्क्यावर शाळांच्या बसगाड्या लागतात. पोरं उतरतात, होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ला बघून येतात, वाळूत धावतात, कुरकुरीत काहीतरी खातात आणि चारच्या सुमारास बस परत सुटते. एकदा अशाच एका बसच्या काचेला 'प्लास्टिक हटवा, समुद्र वाचवा' असा फलक बांधलेला पाहिला. फलक फ्लेक्सचा होता आणि परत जाताना तो वाळूतच राहिला.

त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना किनारा दाखवला, पण तिथे करायला काही दिलंच नाही. मी गेली काही वर्षं सिंधुदुर्गात आठवी ते बारावीच्या मुलांची छोटी शिबिरं घेते. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. भाषण झालेलं संध्याकाळपर्यंत विसरलं जातं, पण ज्या कामाची गावात कुणाला तरी खरोखर गरज होती, ते हाताने केलेलं काम मुलं वर्षानंतरही सांगतात. तुम्ही शिक्षक असाल, सोसायटीतली चार घरं मिळून मुलांना नेणार असाल किंवा स्वतःच्या घरी होमस्टे चालवून असं काही सुरू करायचं मनात असेल, तर पहिली सहल कशी जमवायची ते क्रमाने सांगते.

आधी एकटे जाऊन या

मुलांना नेण्याच्या महिना-दीड महिना आधी तुम्ही स्वतः जा, आणि एकच गाव निवडा. रत्नागिरी, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली, शिवाय जाता जाता गोवा अशी यादी घेऊन निघालात तर मुलांच्या वाट्याला बसमधल्या उलट्याच जास्त येतील. तीन दिवस, दोन रात्री, एक खाडी आणि एक किनारा एवढं पुष्कळ झालं.

गावात गेल्यावर तीन माणसांना भेटा: सरपंच किंवा ग्रामसेवक, मासेमारी करणारं एखादं घर आणि जिथे राहणार त्या घरची बाई. तिघांना एकच प्रश्न विचारा, "वीस मुलं तीन दिवस आली तर तुमच्या कुठल्या कामाला हात लागेल?" पहिल्यांदा सगळे हसतात. मग उत्तरं येऊ लागतात. जाळं निवडायचं असतं, माडाच्या आगरातल्या झावळ्या गोळा करायच्या असतात, पऱ्ह्यात (ओढ्यात) अडकलेला कचरा काढायचा असतो, विहिरीकडची पाखाडी (दगडी पायवाट) झाडायची असते. तुमच्या सहलीचा कार्यक्रम या उत्तरांतून तयार होतो. तो पुण्या-मुंबईत बसून लिहू नका.

तारीख पंचांग बघून ठरवा

नवखी माणसं इथेच चुकतात. शनिवार-रविवार आणि जोडून आलेली सुट्टी बघून तारीख ठरवतात आणि किनाऱ्यावर पोचतात तेव्हा भरती खडकापर्यंत आलेली असते. मग बघायचं काय?

कोळ्यांचा एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊला. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत लांबही हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. म्हणून अमावास्येनंतरची किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सोन्यासारखे. सकाळच्या कोवळ्या उन्हात ओहोटी मिळते आणि खडकांतली डबकी उघडी पडतात. हा हिशेब मुंबईकडे चांगला जुळतो, दक्षिणेला भरती थोडी आधी येते. त्यामुळे छापील कोष्टकाशी ताडून पाहा आणि गावातल्या माणसाला विचाराच. मुलांकडूनही हे गणित पहिल्या दिवशी सोडवून घ्या. उत्तर बरोबर आलं की नाही, ते दुसऱ्या सकाळी समुद्र सांगतो.

महिना म्हणाल तर डिसेंबर ते मार्च. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, समुद्रही खवळलेला असतो, तेव्हा या प्रकारची सहल नको. पावसाळ्यात मुलांना आणायचंच असेल तर किनारा सोडून सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर न्या. कातळावर उमललेली फुलं आणि रत्नागिरीजवळच्या उक्षीसारख्या ठिकाणची कातळशिल्पं हा वेगळाच अभ्यास आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

कागदपत्रं, माणसं, पैसे

शाळेची सहल असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, प्रत्येक पालकाचं संमतिपत्र आणि मुलांच्या औषधांची-ॲलर्जीची यादी हवीच. एसटी शालेय सहलींना भाड्यात सवलत देते, त्यासाठी आगारात वेळेवर अर्ज करा. दहा मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं मी मानते, पाण्याजवळ आठांमागे एक. समुद्रात गुडघ्याच्या वर कुणी जायचं नाही हा नियम बसमध्येच सांगून टाका आणि तो शिक्षकांनाही लागू करा. बुडण्याच्या बातम्या बघा, त्यात पोहता येणारेही असतात. ओहोटीच्या वेळी आत खेचणारं पाणी पोहण्याची परीक्षा घेत नाही.

पैशांबद्दल एवढंच की होडीवाल्याशी, वाटाड्याशी आणि जेवण करणाऱ्या बाईंशी घासाघीस करू नका. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचतगटाने वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलाची सफर सुरू केली आहे. त्या होडीत बसलात की कांदळवन टिकलं तर त्या बायकांचं घर चालतं, हे मुलांना वेगळं समजावावं लागत नाही.

अकरावी-बारावीची मुलं असतील तर पर्यावरण आणि जलसुरक्षेच्या विषयात त्यांना प्रकल्प करायचाच असतो. सहल त्याला जोडून टाका. मुलं मन लावून नोंदी घेतात, निदान गुणांसाठी तरी.

पालकांना पत्र

यात सामानाची यादी छोटी ठेवा: जुने कपडे, चिखलात घालायचे पट्ट्यांचे सँडल, टोपी, पाण्याची स्वतःची बाटली, वही, फूटपट्टी आणि एक रिकामी कापडी पिशवी. ती पिशवी कशाला ते पत्रात लिहू नका, नाहीतर आई घरूनच पाकिटं फोडून डब्यात भरून देईल.

बसमध्ये बसताना मुलांना सांगा की पुढच्या तीन दिवसांत तुमच्या हातून जो सुका कचरा होईल, तो सगळा या पिशवीत. चॉकलेटचा कागद, वेफर्सचं पाकीट, फाटलेला मोजा, काहीही. दुसऱ्याला द्यायचा नाही, कचराकुंडीत टाकायचा नाही. शेवटच्या संध्याकाळी पिशव्या काट्यावर वजन करायच्या. पहिल्या दिवशी मुलं मजेत असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर उभी राहून विचार करताना दिसतात, घेऊ की नको.

पहिली सकाळ: रापण

रापण हा किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा प्रकार. दोरीचं एक टोक वाळूत राहतं, होडी जाळं पसरत अर्धवर्तुळ करून येते आणि दुसरं टोक थोड्या अंतरावर किनाऱ्याला लागतं. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढत राहतात, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. आलेल्या माशांचे वाटे पडतात आणि ओढणाऱ्याला वाटा मिळतो.

रापण रोज होत नाही. आदल्या संध्याकाळी रापणीच्या संघातल्या माणसांना विचारून ठेवा आणि मुलांना नक्की म्हणून सांगू नका. आमची मुलं पहिल्यांदा गेली तेव्हा ओळीने उभी राहून मोबाइल काढत होती. म्हातारा तांडेल (होडीचा प्रमुख) ओरडला, "काय बघतास रे पोरांनू, दोरी धरा!" तिथून पुढे कुणाला काही शिकवावं लागलं नाही. हाताला दोरीचे वळ उठले, पाय वाळूत रुतले आणि पाऊण तासाने जाळ्यात तारल्यांची एक पाटी, थोडे बांगडे, दोन पाकटं, ढीगभर जेलीफिश आणि एक फाटकी चप्पल आली. एका मुलीने लगेच विचारलं, "काका, एवढ्या माशांत तीस जणांचं कसं भागतं?"

हा प्रश्न मुलांकडून येऊ द्या, तुम्ही आधी व्याख्यान देऊ नका. उत्तरही तिथल्या माणसालाच देऊ द्या. तो पर्ससीनबद्दल, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांबद्दल बोलेल, रात्री एलईडीचे दिवे लावून मासे गोळा करण्याबद्दल बोलेल. ती दिव्यांची मासेमारी केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंद केली, तरी कोळी अजून तिच्याबद्दल का चिडून बोलतात, हेही मुलांना त्याच्याकडूनच ऐकू द्या. मग फूटपट्ट्या काढा. आलेल्या बांगड्यांची लांबी मोजून वहीत लिहा. कोणता मासा अंडी घालण्याआधीच जाळ्यात आला, हे कोळणींना नजरेने कळतं, त्यांना विचारा. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. हा नियम पुस्तकात वाचणं वेगळं आणि हातात वीतभरही नसलेला मासा धरून वाचणं वेगळं. पुढे एका मुलाने घरी आईला बाजारात पिल्लं घ्यायची नाहीत म्हणून हटकलं. आईची तक्रार माझ्याकडे आली, ती मी अजून जपून ठेवली आहे.

जाळ्यातल्या पाकटाच्या शेपटीला काटा असतो आणि जेलीफिशला हात लावायचा नाही, हे मात्र दोरी धरण्याआधी सांगा.

कांदळवन: होडीतून आणि चिखलातून

कांदळवन दोनदा बघावं, भरतीला होडीतून आणि ओहोटीला काठावरच्या चिखलातून. होडीतून फक्त हिरवळ आणि बगळे दिसतात. खरी गंमत चिखलात आहे.

तिवराच्या झाडाखाली चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात. चिखलात हवा नसते म्हणून झाड ती वर काढून श्वास घेतं. मुलांना एक चौरस मीटर दोरीने आखून त्यातली मुळं मोजू द्या, दमतात. मग वाटाड्याला तिवराचं पान दाखवायला सांगा आणि जीभ लावून बघू द्या. पान खारट लागतं, कारण झाड आत आलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. हा प्रयोग फक्त वाटाड्याने दाखवलेल्या पानावरच करायचा, कारण याच काठावर हुरा नावाचं झाडही असतं. त्याचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर जळजळतो. कांदळाच्या फांदीला लोंबणाऱ्या लांब हिरव्या शेंगाही बघा. त्या शेंगा नसून झाडावरच कोंब फुटलेली रोपं आहेत, खाली पडली की चिखलात रुजतात किंवा पाण्याबरोबर दुसरीकडे जातात. पांढरी चिप्पी हे कांदळवनातलंच आणखी एक झाड, २०२० मध्ये तिला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला.

रोपं लावण्याचा कार्यक्रम मात्र ठेवू नका. फोटो छान येतो, पण नको त्या जागी लावलेली कांदळाची रोपं पुढच्या उधाणात वाहून जातात, आणि ज्या मोकळ्या चिखलावर पाणपक्षी चरतात तिथे लावली तर पक्ष्यांचं नुकसान. शिवाय ही जागा बहुतेक वनखात्याच्या अखत्यारीत असते. लावायचीच असतील तर त्यांच्या रोपवाटिकेत जाऊन पिशव्या भरायला मदत करा, ते काम त्यांना हवंच असतं.

कचरा उचलण्याआधी मोजा

किनारा स्वच्छता हा सर्वांना माहीत असलेला कार्यक्रम, म्हणून त्यात सर्वांत जास्त चुका होतात. माझी स्वतःची सांगते. पहिल्या वर्षी आम्ही एका किनाऱ्यावरून चौदा पोती कचरा गोळा केला, पोत्यांसमोर बसून फोटो काढला आणि टाळ्या वाजवून निघालो. ती पोती कोण नेणार हे कुणालाच विचारलं नव्हतं. महिन्याभराने गेले तेव्हा ती तशीच सुरूच्या झाडांखाली होती. कुत्र्यांनी फाडलेली, आणि निम्मा माल परत वाळूवर.

तेव्हापासून क्रम असा ठेवते. आधी ग्रामपंचायतीशी बोलून सुका कचरा कधी, कुठे आणि कोण नेणार ते ठरवते. मग भरतीरेषेपासून खाली दहा मीटर रुंदीची एकच पट्टी दोरीने आखायची. तेवढ्यातलंच उचलायचं आणि फडक्यावर ढीग लावून मोजायचं: बाटल्या, झाकणं, गुटख्याच्या पुड्या, पाकिटं, थर्माकोलचे तुकडे, जाळ्याचे तुकडे, चपला, औषधांच्या बाटल्या. मोजताना मुलांच्या लक्षात येतं की चपलांच्या जोड्या जुळत नाहीत, कारण त्या कुठून कुठून वाहत येतात. आणि पाकिटांवरची नावं ओळखीची असतात. ती नावं स्वतःच्या कापडी पिशवीतही आहेत, हे कुणीतरी बोलून दाखवतंच. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पाकिटाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावरही येते. म्हणून एका गटाने पंचायतीला आणि दुसऱ्या गटाने एखाद्या कंपनीला पत्र लिहावं, आकड्यांसकट. पत्र लिहायला मुलं कुरकुरतात, पण लिहितात.

वाळूवर पसरलेली मर्यादवेल उपटू नका. जांभळ्या फुलांची ही वेल वाळू धरून ठेवते. अख्खी जाळी, वाळकी पानं आणि शिंपलेही सरसकट गोळा करायचे नाहीत. काय राहू द्यायचं हे कळणं काय उचलायचं यापेक्षा अवघड आहे.

दोन बादल्या

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात, कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून समुद्राकडे निघून जातं. हे मुलांना सांगून पटत नाही. म्हणून शिबिरात नळ नाही. अंघोळीला, कपड्याला आणि हातपाय धुवायला मिळून माणशी दोन बादल्या, त्याही रहाटावरून स्वतः ओढायच्या. पहिल्या दिवशी पहिली बादली पायावरच संपते.

वेळ असेल तर धामापूरचा तलाव दाखवा. १५३० मध्ये बांधलेला हा तलाव आजही शेतीला पाणी देतो आणि २०२० मध्ये त्याची जागतिक सिंचन वारशात नोंद झाली. दोन बादल्यांवर दोन दिवस काढलेलं मूल तो तलाव वेगळ्याच नजरेने बघतं.

जेवण गावातलंच: सकाळी पेज किंवा घावणे, दुपारी भात, कुळथाची पिठी, सोलकढी, एखाद्या दिवशी रापणीत मिळालेल्या वाट्याची आमटी. ताट पोफळीच्या विरीचं (गळलेल्या झावळीच्या रुंद बुडख्याचं) किंवा केळीच्या पानाचं, खरकटं माडाच्या आळ्यात. स्वयंपाकघरात रोज चार मुलं मदतीला. नारळ खवताना बोट कापतं, म्हणून प्रथमोपचाराची पेटी तिथेच ठेवा.

कासवं दिसली तर

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसू शकतात. रत्नागिरीत वेळासला हे काम २००२ पासून उभं राहिलं, सिंधुदुर्गात वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर गावातली माणसं घरटी राखतात. ऑलिव्ह रिडले मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. घरट्यातली वाळू जास्त तापली तर माद्या अधिक होतात, थंड राहिली तर नर. ओडिशात टॅग केलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, हे ऐकलं की मुलं नकाशावर बोट फिरवू लागतात.

पिल्लांना हात लावणं कायद्याने गुन्हा आहे, फ्लॅशही नको. मग मुलांनी करायचं काय? पिल्लं जाणार त्या पट्ट्यातले पायाचे खड्डे आणि वाळूचे किल्ले कासवमित्रांना विचारून बुजवायचे. बोटाएवढ्या पिल्लाला टाचेचा खड्डा म्हणजे विहीर. वाकून वाळू सारखी करणारी वीस मुलं त्या अर्ध्या तासात जितकी शांत असतात, तितकी शाळेच्या प्रार्थनेतही नसतात. आणि त्या दिवशी एकही पिल्लू आलं नाही, असंही होतं. परतीच्या वाटेवर नाराज झालेल्यांना मी फक्त पुढच्या घरट्याची तारीख वहीत लिहून घ्यायला सांगते.

मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ मध्ये जाहीर झालं, प्रवाळ बघायला पाण्यात उतरवायचं की नाही हा प्रश्न नेहमी येतो. माझं मत, शाळेच्या मुलांना नको. प्रवाळावर पाय ठेवू नका हे पाण्याखाली सांगता येत नाही, आणि मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटं टाकणारे मार्गदर्शक अजून भेटतात.

घरी गेल्यावर

शेवटच्या संध्याकाळी पिशव्यांचं वजन करा, आकडे खळ्यात (अंगणात) फळ्यावर लिहा, कुणाला बक्षीस देऊ नका आणि कुणाला हसू नका. पिशवी मुलाने घरी न्यायची आणि घरच्यांसमोर उघडायची.

निघण्याआधी प्रत्येकाला एकच काम स्वतः निवडू द्या, असं की जे त्याच्या घरात, त्याच्या हातातलं असेल. एकाने अंघोळीला शॉवर सोडून बादली घेतली, एकीने डब्यातलं फॉइल बंद केलं, एकाने सोसायटीच्या सुक्या कचऱ्याचं वजन दर रविवारी लिहायला घेतलं. तीन आठवड्यांनी फोन करा आणि काम चालू आहे का तेवढंच विचारा. बंद पडलं असेल तर का, तेही. बादलीवाल्याने मला खरं उत्तर दिलं होतं: "मावशी, थंडीत नाही जमत. पण उन्हाळ्यात परत सुरू करणार."

आणि पुढच्या वर्षी त्याच गावात, त्याच पट्टीवर, त्याच दहा मीटरच्या दोरीने पुन्हा मोजा. जुनी वही सोबत न्या. आमची दोरी आता निळ्या नायलॉनची आहे, तिसऱ्या वर्षी वाळूतून मुलांनीच काढलेली.